लाइनवरचे अण्णा

नांदेडात मला खोली मिळाली तेव्हा भाड्याशिवाय तीन अटी होत्या. नळाला पाणी आलं की आधी खालच्या हौदात सोडायचं, मग वर. चपला जिन्याच्या पायरीवर काढायच्या, पण सगळ्यांची टोकं एका रेषेत यायला हवीत. आणि लातूरचे काका आले की खाली यायचं. पहिल्या दोन अटी घरमालकांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतः सांगितल्या. तिसरी काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितली, पण का यायचं ते काही सांगितलं नाही. मी चाकूरकडचा, नांदेडात शाळेवर शिकवायला आलेलो. आमच्याकडे पाहुणा आला की भाडेकरूलाही पंगतीला बसवतात. इथेही तीच रीत असेल असं समजून मी खूश झालो.

लातूरचे काका म्हणजे अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. लातुरात त्यांचं डाळीचं दुकान होतं. आईच्या पुण्यतिथीला, दिवाळीला आणि कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या निमित्ताने ते नांदेडला यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा तुरीच्या डाळीचं पोतं रिक्षातून उतरवून घेत होते. मी सांगितल्याप्रमाणे खाली गेलो. बैठकीत एकच बाज होती. तिच्या एका टोकाला अण्णा बसले, दुसऱ्या टोकाला काका. मला समोर खुर्ची दिली.

"सर," काका मला म्हणाले, "त्यांना विचारा, गुडघा कसा हाय आता."

मी इकडेतिकडे पाहिलं. 'ते' त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"अण्णा, गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय म्हनावं," अण्णा मलाच म्हणाले. "अन् डाळ यंदा बारीक दिसून राहिली. तिकडं पाऊस न्हवता का, इचारा जरा."

मी विचारलं. पाऊस होता, पण उशिरा झाला होता. मग मी तेही अण्णांना सांगितलं. अशा रीतीने आम्ही तिघांनी गुडघा, पाऊस, सोयाबीन आणि देगलूरकडच्या शेताचा बांध एवढे विषय संपवले. काकांना निघताना हळदीची पिशवी दिली गेली, तीही माझ्या हातून. नंतर मी काकूंना विचारलं तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासून मीच करत व्हते हे. याचं त्याला, त्याचं याला. लई वर्सं केलं. आता माझ्यानं व्हत न्हाई. म्हनून वरची खोली भाड्यानं देतो आमी." पैशांसाठी खोली देणारे पुष्कळ पाहिले होते. या कामासाठी देणारे हेच.

गल्लीतली लहानथोर माणसं मालकांना अण्णाच म्हणत. काकू सांगायच्या की हे नाव पाडलं ते धाकट्याने. तो बोलायला लागला तेव्हा थोरल्या भावाला अण्णा म्हणू लागला, ते आधी घराने उचललं, मग गल्लीने. आता सगळ्या गल्लीत तेवढा एक सख्खा भाऊच त्यांना अण्णा म्हणत नसे. 'त्यांना' म्हणे.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तेही आरशात बघून सरळ ओढलेले. मान मात्र किंचित एका बाजूला वळलेली. मला वाटलं वाताचा विकार असेल. पण ती मान वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेने पळताना आत बघून बघून तशी झाली होती. खात्याची नोकरी ही त्यांची सोमवार ते शनिवारची गोष्ट होती. खरे अण्णा रविवारचे. नांदेडला निजामाच्या काळापासून फुटबॉल आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यांचे संघ असत, आणि त्या सामन्यांना अण्णा लाइन्समन म्हणून उभे राहत.

फुटबॉल न कळणाऱ्यांसाठी सांगतो, कारण मलाही कळत नव्हता. लाइन्समन म्हणजे मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन पळणारा माणूस. बॉल पुढे मारला जातो त्या क्षणी, ज्याच्याकडे तो मारला तो खेळाडू समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे उभा असेल, तर ते ऑफसाइड. त्याने केलेला गोल धरत नाहीत. लाइन्समनने त्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या बरोबरीने कडेकडेने सरकत राहायचं आणि तिथून निघणारी न दिसणारी रेषा सांभाळायची. एवढंच काम. शिट्टी, मान, टाळ्या, शिव्या, सगळं मधल्या रेफ्रीला. अण्णांना कितीदा तरी रेफ्री व्हा म्हणून विनवलं होतं. ते म्हणायचे, "शिट्टीवाल्याला समदं बगावं लागतं. मला एवढं झेपत न्हाई."

त्यांना हे काम शिकवलं ते मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादाने. त्याचं वाक्य अण्णा त्याच्याच बोलीत सांगत, "गेंद कू तो सब देखते, तू लकीर देख." पुढे अण्णांनी ते आपलं करून टाकलं होतं. "बॉल समद्यांलाच दिसतो, सर. लाइन कुनी बगावं?" हे वाक्य ते फुटबॉलवर बोलत, तसंच भाजीबाजारात, तहसीलमध्ये आणि नवरा-बायकोच्या भांडणातही बोलत. ऐकणाऱ्याला काही बोध होई की नाही, शंकाच आहे.

टीव्हीवर मॅच बघताना अण्णा बसत नसत. बैठकीत शहाबादी फरशी होती आणि टीव्हीसमोरून फरशीच्या दोन ओळींमधली सांध आडवी जात होती. त्या सांधेवर ते उभे राहत, आणि पडद्यावरची माणसं डावीकडे गेली की डावीकडे सरकत, उजवीकडे आली की उजवीकडे. मागे बसलेल्याला अर्धी मॅच आणि अर्धे अण्णा दिसत. शिवाय टीव्हीचा आवाज कायम बंद. "कॉमेंट्रीवाला बॉलच्या मागं पळतो. मग आपली बी नजर तिकडं जाती," हे कारण. एका दिवाळीत काका मला हळूच म्हणाले, "त्यांना म्हनावं, जरा आवाज वाढवा. मुक्याचं काय बगायचं?" मी निरोप पोचवला. अण्णा सांधेवरून न हलता म्हणाले, "न्हाई म्हनावं." मी तोही निरोप पोचवला. खरं तर काकांनी तो ऐकलाच होता, पण आमच्या धंद्यात गाळून चालत नसे.

लग्नाच्या पंगतीत अण्णांना कडेलाच बसायला लागे. मधे बसवलं तर जेवण गोड लागत नसे. कडेला बसले की सगळी रांग डोळ्यात राही, आणि शेवटचा माणूस ताटावरून उठायच्या आत कोण आधी उठलं हे ते घरी आल्यावर सांगत. तक्रार म्हणून नव्हे, फक्त नोंद असावी म्हणून. मतदानाच्या रांगेत पोलिसाआधी लोक त्यांचंच ऐकत.

एकदा शेजारच्या दोघांचं भिंतीवरून जुंपलं. दोघेही म्हणत की समोरच्याने आपल्या जागेत भिंत सारली. मोजणीला माणूस यायला वेळ लागणार होता, म्हणून अण्णांना बोलावलं. ते गल्लीच्या टोकाला गेले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे दोघं बी बरोबर हायत. माझी भिंत चार बोटं भाईर हाय." खरंच त्या दोघांच्या रेषेत बघितलं तर अण्णांच्या कुंपणाची भिंत रस्त्यावर आलेली होती. कुणी तक्रार केली नव्हती, कुणाला दिसलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी गवंडी लावून ती पाडली आणि आत घेऊन बांधली. त्यात काकूंची तुळस आणि कढीपत्त्याचं झाड गेलं. काकू आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा मला म्हणाल्या, "परक्याला न्याय अन् घरच्याला झेंडा. असा मानूस पदरात पडला बगा आमच्या."

घरच्याला झेंडा. मला वाटलं त्या भिंतीबद्दलच बोलतायत. ती म्हण त्या घरात का चालू होती, हे मला काकांकडून कळलं.

काका एकदा मुक्कामाला होते. अण्णा बाहेर गेलेले बघून ते जिना चढून माझ्या खोलीत आले. चपला मात्र पायरीवर रेषेत काढून आले. बसले, आणि विचारल्याशिवायच सांगायला लागले. ते अठरा-एकोणीस वर्षांचे असताना नांदेडात त्यांच्यासारखा पळणारा दुसरा नव्हता म्हणे. राज्याच्या संघासाठी मुलं निवडायला बाहेरून माणसं आली होती आणि त्या सामन्यावर निवड ठरायची होती. लाइनवर नेमके अण्णा. दुसरा कुणी लाइन्समन मिळाला नाही. सामना सुरू व्हायच्या आधीच समोरच्या मोहल्ल्याची पोरं ओरडत होती, "भाऊच लाइनवर हाय, आता काय, गोलच गोल." बरोबरीत सामना संपत आला. काकांना पुढे बॉल मिळाला, ते सुटले, गोल मारला. वळून बघतात तर झेंडा वर.

"गोल रद्द. निवड बी रद्द," काका म्हणाले. "दुसऱ्या आठवड्यात मामाच्या दुकानावर लातूरला गेलो. डाळ मोजायला. ऑफसाइड न्हवतो मी सर. मला माझे पाय ठाव हायत ना."

"अण्णांना विचारलं नाही कधी?"

"इचारलं. त्याच दिवशी इचारलं. म्हनाले, 'झेंडा वर गेला म्हंजी गेला.' तवापासून मी बोलत न्हाई." मग म्हणाले, "मला काय पाहिजे सर? दुकान हाय, लेकरं हायत, देवदयेनं समदं हाय. एकच शब्द पाहिजे. 'चुकलं' म्हनावं त्यांनी. मी खाली जाऊन त्यांच्या ताटात जेवतो."

मी त्या सामन्याची चौकशी केली. गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं, तिथे त्या काळचे दोनतीन म्हातारे बसत. एक म्हणाला की धाकटा चांगला दोन पावलं पुढे होता. दुसरा हाताची वीत दाखवत म्हणाला, "नै रे, बालिश्तभर पीछेच था वो. मैं गोल के पीछे बैठा था." मग त्यांचंच जुंपलं आणि मी चहा संपवून निघालो. अण्णांनाही मी एकदा आडून विचारून पाहिलं की लाइन्समनचं चुकत असेल नाही कधीतरी. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "झेंडा खाली घ्यायला लागला की मग कुनी बी येतं भांडायला. वर गेला म्हंजी गेला."

अशी वर्षं चालली होती. डाळ यायची, हळद जायची. दोन्ही बाजूंना प्रेम होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि दोघांचाही हेका असा की मधे भाडेकरू लागत होता. मला आधी याची गंमत वाटे, पुढे कंटाळा आला, आणि मग मला त्या दोघांचाही राग यायला लागला. शिकलेसवरलेले, नातवंडं झालेले दोन पुरुष एका गोलावरून असे बसलेले.

मग ती मुलींची आशियाई स्पर्धा आली. आशियातल्या देशांच्या बायकांच्या फुटबॉल संघांची. तीच वर्ल्ड कपची पात्रता फेरीही होती. म्हणजे तिथे जे वर राहतील त्यांनाच वर्ल्ड कपला जाता येणार. आपल्या गल्लीत वर्ल्ड कप म्हणजे क्रिकेट. पण आपल्या मुली खेळणार आहेत आणि जिंकल्या तर थेट वर्ल्ड कप, असं कुणीतरी मोबाइलवर वाचलं आणि अण्णांच्या बैठकीत गर्दी जमली. स्पर्धा इतक्या लांब होती की तिकडे दिवेलागण झाली की इकडे टळटळीत दुपार असे. बायका कामं आटपून, पुरुष दुकानं अर्धी मिटून येत. अण्णा सांधेवर सरकत, आणि मागून "अण्णा, बसा की वो जरा" असं चाले.

आपल्या मुली हरल्या. बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवसापासून बैठक रिकामी. अण्णांची स्पर्धा मात्र चालूच होती. त्यांना कुठलाही देश चाले, नावही माहीत नसलेला. मी विचारलं, "आता कुणाची मॅच बघताय?"

"लाइनीची," ते म्हणाले. "या बायका लई चांगली लाइन धरतेत, सर. पोरं झेंडा मिरवतेत. या न्हाई मिरवत."

त्याच आठवड्यात लोह्याला नात्यातलं लग्न होतं म्हणून लातूरचे काका आले. या वेळी डाळीचं पोतं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो.

"सर, त्यांना सांगा, दुकान दिलं म्हनावं. पोरगा बंगळूरला असतो, तो घेऊन चालला आमाला दोघांला. आता पुन्हा येनं व्हईल न व्हईल."

मी सांगितलं. खरं म्हणजे मला सांगवत नव्हतं. अण्णा समोरच्या फरशीकडे बघत राहिले. आता तरी काही बोलतील, असं मला वाटलं.

"म्हनावं," अण्णा शेवटी म्हणाले, "रेल्वेत खिडकीची जागा घ्या. त्यांना गाडी लागती."

मी हे काकांना सांगितलं. काकांनी मान डोलावली, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मला त्या क्षणी अण्णांना गदागदा हलवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकू सकाळीच हळदीसाठी लोह्याला गेल्या. आम्ही पुरुषमाणसं संध्याकाळी निघणार होतो. दुपारी कूलर लावून तिघे बैठकीत होतो, आणि अण्णांनी टीव्ही लावला. आवाज बंद. हरून मागे राहिलेल्या संघांची मॅच होती. जो जिंकेल त्याला वर्ल्ड कपची शिल्लक राहिलेली जागा, जो हरेल त्याची वाट लांबची. एक संघ निळा, एक पांढरा. मला त्यांचे देशही नीट माहीत नव्हते. काका बाजेवर, मी खुर्चीवर, अण्णा सांधेवर.

अण्णा कधी नव्हे ते बोलत होते. अर्थात माझ्याशी. "ती बगा, कडेची. झेंडेवाली पोरगी. नजर हलवत न्हाई बगा. बॉल कुठं का जाईना."

मॅच संपत आली तरी बरोबरीत होती. एवढ्यात निळ्या संघाच्या एका मुलीला मागून लांब बॉल आला. ती सुटली. पांढऱ्या बायका मागे राहिल्या, गोलकीपर पुढे आली, आणि तिने बाजूने बॉल आत सारला. निळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. तेवढ्यात कडेच्या पोरीचा झेंडा वर गेला. तिच्याबरोबर, अगदी तिच्याबरोबर, बैठकीत अण्णांचा हातही वर गेला.

"ऑफसाइड," अण्णा म्हणाले.

काका बाजेवर सरळ होऊन बसले. मला वाटतं, तो वर गेलेला हात त्यांना दुसऱ्यांदा दिसला होता.

गोल रद्द झाला. पण आता मशीन असतं. रेफ्रीबाई कानाला बोट लावून उभी राहिली. कुठेतरी आत बसलेली माणसं तोच क्षण पुन्हा पुन्हा बघत होती. पडद्यावर तो आमच्यासाठीही दाखवायला लागले. बॉल पायातून सुटतो तिथे चित्र थांबवलं, निळ्या मुलीपासून एक रेषा काढली, पांढऱ्या मुलीपासून दुसरी. बराच वेळ गेला. निळ्या मुली हात जोडून उभ्या. अण्णांचा हात अजून खाली आला नव्हता.

निळी मुलगी मागे होती. थोडीशीच, पण मागे. रेफ्रीबाईने हवेत टीव्हीचा चौकोन काढला आणि मध्यरेषेकडे बोट दाखवलं. गोल.

मग पडद्यावर क्षणभर ती झेंडेवाली पोरगी दिसली. आता हिचं काय होणार, असं मला उगाच वाटलं. काही झालं नाही. तिने झेंडा खाली घेतला, काखेत धरला, आणि पळत जाऊन आपल्या जागी उभी राहिली. मॅच पुन्हा सुरू झाली. कुणी तिच्याकडे बघितलंही नाही.

अण्णांनी हात खाली घेतला. मग ते सांधेवरून मागे आले आणि बाजेवर बसले. मॅच चालू असताना अण्णा बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"घेतला की तिनं खाली," ते म्हणाले.

अण्णांनी मान वळवली. वळायच्या नेहमीच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या. बाजेच्या त्या टोकाला.

"त्या दिवशी मी लाइन बगितलीच न्हाई," ते भावाला म्हणाले. "तू पळत व्हतास. मी तुलाच बगत राहिलो. माझा भाऊ असा पळतो, म्हनून बगत राहिलो. बॉल कवा सुटला, कुनाच्या पायातून सुटला, मला काय बी ठाव न्हाई. भानावर आलो तर तू गोलपाशी. लोक म्हन्तील भाऊ हाय म्हनून सोडला. म्हनून हात वर गेला." त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. "ऑफसाइड व्हतास का न्हवतास, मला आजबी सांगता यायचं न्हाई. बगितलं न्हाई तर झेंडा द्यायचा नसतो. मी दिला. चुकलं माझं."

टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी पाडलं. कूलरचा आवाज येत होता. काका माझ्याकडे वळले. एवढ्या वर्षांची सवय, तोंड माझ्याकडेच वळायचं.

"सर," ते म्हणाले, "त्यांना इचारा... कसा पळत व्हतो म्हनावं मी."

मी अण्णांकडे पाहिलं. हा निरोप पोचवणं मला शक्य नव्हतं, आणि गरजही नव्हती. "मी चहा टाकतो," असं म्हणून मी उठलो आणि आत गेलो.

काकूंच्या स्वयंपाकघरात साखर कुठे आहे, चहापत्ती कुठे आहे, काही सापडेना. डबे रेषेत होते, पण कुठल्यात काय ते काकूंनाच ठाऊक. आधण ठेवून मी तिथेच उभा राहिलो. बैठकीतून अण्णांचं बोलणं ऐकू आलं, हळू, शब्द न समजणारं, बराच वेळ चाललेलं. मधेच "त्या कडेच्या पोराला काटून" एवढं कळलं, आणि "मैदान उठून उभं राहिलं व्हतं" एवढं. अण्णा एका माणसाचं पळणं सांगत होते.

आता माझी बदली लातूरला झाली आहे. काकांच्या त्या दुकानात आता मोबाइल विकतात. तिथून जाताना मला ती दुपार आठवते, पण ते दोघे बाजेवर बसलेले आठवत नाहीत, कारण तेव्हा मी तिथे नव्हतोच. मला आठवतं ते गॅसपाशी उभं राहणं, दूध वर येत चाललेलं, आणि बैठकीतून आलेला काकांचा आवाज.

"अण्णा, जरा आवाज वाढव की. मुक्याचं काय बगायचं?"

बाज करकरली. मग त्या घरात पहिल्यांदाच मला कॉमेंट्री ऐकू आली.